अक्काचं बाल्कनीचं तिकीट

पत्र:

नमस्कार. मी साठीचा. दोन वर्षांपूर्वी नोकरीतून मोकळा झालो आणि आयुष्यभर राहून गेलेलं एक काम हाती घेतलं. माझ्या थोरल्या बहिणीवर, अक्कावर, गोष्ट लिहिली. आई आमची लवकर गेली. वडील गेले तेव्हा अक्का सतरा वर्षांची, मी सहा, मधे आणखी एक भाऊ आणि एक बहीण. अक्कानं शाळा सोडली, हप्त्यानं जुनं पायमशीन घेतलं आणि ब्लाऊज-परकर शिवून आम्हा तिघांची शिक्षणं केली. स्वतः लग्न केलं नाही. आज ती एकाहत्तर वर्षांची आहे, जुन्या घरातच राहते.

गोष्टीचं नाव ‘सावली’. दोन दिवाळी अंकांकडे पाठवली. एकाकडून उत्तरच आलं नाही. दुसऱ्या संपादकांनी एका ओळीत परत केली: ‘अक्का खरी वाटत नाही.’ अहो, मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही! निःस्वार्थी माणसं हल्ली वाचणाऱ्यांना नकोशीच झालीत का? आम्ही तर असल्याच गोष्टी वाचून वाढलो आणि त्यांनीच आमची घरं धरून ठेवली.

त्याहून वाईट पुढे झालं. छापून नाही आली तर नाही, निदान जिच्यावर लिहिली तिनं तरी वाचावी म्हणून अक्काला नेऊन दिली. चष्मा लावून तिनं चौदाच्या चौदा पानं वाचली. घडी घातली, मशीनच्या खणात ठेवली आणि म्हणाली, “आमटी गरम करू का?” याला चार महिने झाले. फोनवर बोलते, पण कामापुरतं. माझं काय चुकलं?

— धाकटा, कराड

ता. क. अक्का तशी थोडी विक्षिप्तच आहे. मशीनला कुणाला हात लावू देत नाही. मी तिसरीत असताना एकदा दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे कामाचा ढीग पडलेला असताना, भरदुपारी घराला कुलूप लावून कुठंतरी गेली. आम्ही शाळेतून येऊन पायरीवर बसलो. आल्यावर म्हणाली, अस्तर आणायला गेले होते. पुढे मला तिच्या टेप-खडूच्या डब्यात सिनेमाचं बाल्कनीचं फाडलेलं तिकीट सापडलं. मी कुणाला बोललो नाही. हे आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.

उत्तर:

नमस्कार धाकटेराव,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ताजा कलम चार वेळा. त्याच्याकडे येतेच. सोबत पाठवलेली ‘सावली’ची पहिली तीन पानंही वाचली. आधी तुमच्या तक्रारीचं बघू, कारण ती निम्मी खरी आहे.

निःस्वार्थी माणसं वाचकांना नको झालेली नाहीत. पण त्यांना स्वार्थच नसतो, हे सांगितलेलं वाचकाला पटत नाही, आणि ते आज नाही, कधीच पटत नव्हतं. तुम्ही ज्या गोष्टी वाचून वाढलात त्या पुन्हा काढून बघा. आठवणीत राहिलेली गोष्ट आणि पानावरची गोष्ट यांत फार अंतर पडलेलं असतं.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ घ्या. शाळेच्या पुस्तकात ती बहुतेकांना भेटलेली असते. चार-पाच वर्षांचा पोरका हमीद, त्याची म्हातारी आजी अमीना, ईदची जत्रा आणि खिशात तीन पैसे. बाकीची पोरं मिठाई खातात, मातीचा शिपाई, भिश्ती, वकील घेतात. हा लोखंडाच्या दुकानापुढे थांबतो आणि आजीसाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी उतरवताना तिची बोटं भाजतात. एवढं सगळ्यांना पाठ असतं. ‘किती गुणी पोर!’ असं म्हणून आपण पुस्तक मिटतो.

पण पानावरचा हमीद काही गुणी वगैरे नाही. मिठाई दाखवून चिडवणाऱ्या मित्रांवर तो मनातल्या मनात जाम चिडलेला आहे. खा म्हणावं मिठाई, तोंडं सडतील, अंगावर फोड येतील, असा शापच देतो. चिमटा घेताना त्याच्या डोळ्यांपुढे आजीचं कौतुक आधीच उभं आहे: ती शेजारणींना दाखवेल, दुवा देईल. परतीच्या वाटेवर तर हा पठ्ठ्या आपल्या चिमट्याची इतकी बढाई मारतो की मातीच्या शिपायाची आणि वकिलाची पार दाणादाण उडते. म्हणजे हाव आहे, राग आहे, फुशारकी आहे. एवढं सगळं असूनही ते तीन पैसे चिमट्यावर गेले, म्हणून तो चिमटा आपल्याला लागतो. हमीदला मिठाई आवडतच नव्हती असं प्रेमचंदांनी लिहिलं असतं, तर ती लोखंडखरेदीची पावती झाली असती.

आणि किंमत बघा. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो, हमीद छाती घट्ट करून तीन म्हणतो. पैसा न् पैसा मोजलेला आहे. मला हे नेहमी जाणवतं की चांगल्या लेखकांच्या हाती त्यागाला आकडा असतो. अमेरिकन कथाकार ओ. हेन्रींची १९०५ सालची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही नाताळची गोष्ट सुरूच होते एक डॉलर सत्त्याऐंशी सेंटवर. नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घ्यायची म्हणून बायको केस विकते, वीस डॉलर मिळतात, साखळीला एकवीस जातात. तिकडे नवऱ्यानं तिच्या केसांतल्या कंगव्यांसाठी घड्याळच विकलेलं असतं. (मला ती गोष्ट जरा जास्तच चपखल बसवलेली वाटते, दोन्ही पारडी इतकी सारखी घरात कधी होत नाहीत. पण हिशेब मात्र चोख.) तुमच्या तीन पानांत ‘त्याग’ हा शब्द सहा वेळा आहे आणि एका ब्लाऊजची शिलाई किती, हे एकदाही नाही.

आता थोडं लांबचं उदाहरण देते, कारण त्यात तुमच्या दुखण्याचं औषध आहे. लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’मध्ये, पहिला भाग १८६८ चा, चार बहिणींचे वडील अमेरिकेतल्या यादवी युद्धात आजारी पडून वॉशिंग्टनच्या इस्पितळात असतात. आईला तिकडे निघायचंय, पैशांची चणचण. दुसरी मुलगी जो बाहेर जाते आणि पंचवीस डॉलर आणून आईच्या हातात ठेवते. टोपी काढते तेव्हा कळतं, तिनं आपले केस विकलेत. घरात तिला रूपवान म्हणावं असं एवढं एकच होतं. घरच्यांसमोर ती अगदी बेफिकीर. डोकं हलकं झालं, बरं वाटतंय, वगैरे.

इथे थांबली असती तर ही तुमची ‘सावली’च. अल्कॉटबाई थांबत नाहीत. त्या रात्री मोठी बहीण मेग जागी असते, तिला अंधारात हुंदका ऐकू येतो. बाबांसाठी रडतेस का, असं ती विचारते. जो म्हणते, आत्ता नाही. मग कशासाठी? माझ्या केसांसाठी, म्हणते ती.

ही रात्र काढून टाकली तर जोची उंची कमी होते. केस गेल्याचं दुःख आहे, उद्या वेळ आली तर पुन्हा देईन हेही ती म्हणते, आणि दोन्ही खरं आहे. शिवाय ते रडणं एका बहिणीनं ऐकलं. दोघी बहिणी त्या रात्री एकमेकींच्या जवळ येतात त्या पंचवीस डॉलरनी नव्हे. मेगनं अंधारात विचारलं, म्हणून. तुमच्या या तीन पानांत अक्का शिवते, शिवते, शिवते. पण रात्री जागं राहून ऐकणारं कुणी त्या घरात नाही.

तुमचं चुकलं ते इथं. घर देण्यानं जोडलं जातं असं तुम्ही धरून चाललात. नुसत्या देण्यानं घर जोडलं जात नाही, पुष्कळदा मोडतं. ‘नटसम्राट’ आठवा. १९७० साली शिरवाडकरांनी आप्पा बेलवलकरांना रंगमंचावर आणलं तेव्हापासून मराठी माणूस त्यांच्यासाठी रडतो आहे. आप्पांनी सगळं मुलांना वाटून टाकलं. समोरचं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये, हे आपल्याकडचं व्यवहारज्ञान त्यांनी मानलं नाही. मुलांना दोष द्याल तेवढा थोडा, पण नाटक नीट बघितलं तर जाणवतं की देताना आप्पांनी मुलांकडे बघितलंच नव्हतं. ती कोण आहेत, त्यांना काय झेपतं. ते देण्याचा प्रवेश रंगवत होते, आणि नट फार मोठा होता. त्याच्याही आधी, १८३५ मध्ये, फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकनं पॅरिसमधला गोरिओ लिहिला. शेवयांचा व्यापारी! दोन पोरींपायी सगळं ओततो, चांदीची भांडी मोडतो, खाणावळीत वरच्या, स्वस्तातल्या मजल्यावर सरकत जातो, आणि अंत्ययात्रेला पोरींच्या घरून येतात त्या रिकाम्या बग्ग्या. गोरिओइतकं निःस्वार्थी पात्र शोधून सापडणार नाही, आणि त्याच्या घराइतकं उद्ध्वस्त घरही.

मग जोडतं काय? पुन्हा प्रेमचंदांकडेच जावं लागतं. त्यांची ‘बूढी काकी’ तुम्ही वाचली नसेल तर आज रात्री वाचा, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. म्हाताऱ्या विधवा काकीनं आपली सारी मालमत्ता पुतण्याच्या नावावर केलेली आहे. म्हणजे इथंही दिलंय, आणि दिल्यावर तिला पोटभर जेवायलाही मिळत नाही. घरात मोठ्या मुलाच्या तिलकाचा, म्हणजे लग्नाआधीचा, समारंभ आहे, कढईत पुऱ्या फुगताहेत, वास काकीच्या कोठडीत येतोय. ती सरपटत कढईपाशी जाऊन बसते, पुतण्याची बायको रूपा तिच्या अंगावर वस्सकन ओरडते. गावजेवण होतं, काकीचं पान कुणी वाढत नाही. एकटी धाकटी पोर, लाडली, आपल्या वाट्याच्या पुऱ्या न खाता बाहुल्यांच्या पेटीत लपवून ठेवते आणि सगळे झोपल्यावर काकीला नेऊन देते.

कुठलाही बेताचा लेखक इथं गोष्ट संपवेल. काकीचं पोट भरलं, पोरीचं कौतुक झालं, पडदा. पण चार पुऱ्यांनी भूक उलट खवळते. काकी लाडलीला म्हणते, पाहुणे जिथं जेवले तिथं मला ने. आणि तिथं बसून ती उष्ट्या पत्रावळींतले तुकडे वेचून खाऊ लागते. त्याच वेळी रूपाला जाग येते. ती बघते.

बास, एवढंच होतं. ती बघते. कुणी तिला उपदेश करत नाही. दिवसभर काकी तिला अडगळ दिसत होती, लाज आणणारी म्हातारी दिसत होती. आता भुकेलं माणूस दिसलं, आणि त्या भुकेत आपला हात दिसला. रूपा कोठार उघडते, ताट भरते, काकीपुढे ठेवते. रूपा दुष्ट नव्हती. समारंभाच्या गडबडीतली, शंभर हाका ऐकणारी बाई होती ती, प्रेमचंदांनी तेही नीट दाखवलंय. लाडलीचा त्याग चार पुऱ्यांएवढाच. पण घर सांधलं जायला सुरुवात झाली ती एका बाईनं दुसरीला बघितलं त्या क्षणाला.

आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे: कळवळा. सहानुभूती म्हटलं की हार घेऊन भेटायला गेल्यासारखं वाटतं. कळवळ्यात कळ आहे, दुसऱ्याची आपल्या पोटात उठलेली. ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती’ असं तुकोबा म्हणतात. मी त्यातला क्रम बघते. आधी कळवळा, मग लाभाविण प्रीती. उलटं केलं की गोरिओ होतो.

तुम्ही असंही लिहिलंत की असल्या गोष्टींनीच आमची घरं धरून ठेवली. असेल. यावर प्रयोगही झालेत. कसदार कथा वाचल्यावर लोकांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव जास्त नीट ओळखता आले, असा अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला आणि खूप गाजला. नंतर इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा बहुतेक वेळा तसं काही दिसलं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. एक गोष्ट वाचून माणूस सुधारत असता तर आमच्यासारखे गोष्टींवर पोट भरणारे लोक संत झाले असते. आमच्या बैठकीला एकदा येऊन बसा म्हणजे खात्री पटेल. गोष्ट फार तर बघायची खोड लावते. कुणाकडे बघायचं ते आपलं आपण.

‘श्यामची आई’बद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, कारण तुमची अक्का तिच्याच साच्यात ओतलेली दिसते. नुसती तीच नव्हे, मराठी गोष्टींतल्या निम्म्या आया आणि बहिणी. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९५३ मध्ये अत्र्यांनी त्यावर सिनेमा केला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आणि आपल्या सगळ्यांच्या डोक्यात राहिली ती पदर डोळ्यांना लावणारी माउली. पण पुस्तक उघडा. पोहायला घाबरून श्याम लपून बसतो तेव्हा हीच आई हातात शिंपटी घेते आणि पोराला फटकावत विहिरीकडे पिटाळते. माझ्या मुलाला लोकांनी भित्रा म्हटलेलं तिला खपत नाही. हा अभिमान आहे, चक्क. कर्जापायी गावात मान खाली गेलेल्या घरातल्या बाईचा अभिमान. ती शिंपटी आहे म्हणून बाकीचं सगळं खरं वाटतं. ‘सावली’च्या मी वाचलेल्या पानांत अक्का एकदाही कुणाला धपाटा घालत नाही. तीन भावंडं, एक खोली, दसऱ्याची शिलाई डोक्यावर, आणि धपाटा नाही? संपादकांचं अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही.

आता तुमचा ताजा कलम.

एकोणीस वर्षांची मुलगी. दसऱ्याचा आदला आठवडा, म्हणजे शिंपीकाम करणाऱ्या कुणालाही मान वर करायला फुरसत नसते असे दिवस. मशीनवर अर्धवट ब्लाऊज, काज-बटणं व्हायची, हुक लावायचे, संध्याकाळी बायका न्यायला येणार. आणि ही उठते, तोंडावर पाणी मारते, कुलूप लावते आणि टॉकीजवर जाऊन तिकीट काढते. तेही बाल्कनीचं! पिटातलं काढलं असतं तर पैसे वाचले असते. तिनं बाल्कनीचं काढलं. पैन् पै मोजून तिघांची फी भरणाऱ्या बाईनं. मग परत येताना अस्तराचा बहाणा रचला, आणि ते फाडलेलं तिकीट फेकून न देता टेप-खडूच्या डब्यात ठेवलं, जिथं रोज हात जातो.

धाकटेराव, या डब्यात तुमची अख्खी गोष्ट आहे आणि तुम्ही तिला विक्षिप्तपणा म्हणून ताज्या कलमात टाकलंत! वर गोष्टीच्या दुसऱ्याच पानावर लिहिलंत, ‘अक्काला स्वतःसाठी कधी काही नको होतं.’ तुम्हाला माहीत होतं की तिला काहीतरी हवं होतं. निदान एकदा, एका दुपारी, तीन तास, पंख्याखाली, वरच्या खुर्चीत.

अक्का का गप्प झाली हे मी इथं बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक अंदाज आहे. चौदा पानं तिनं स्वतःला शोधलं असेल. रागावलेली अक्का, वैतागलेली अक्का, एखादं स्थळ आलं तेव्हा रात्री जागी राहिलेली अक्का, सिनेमा बघून आलेली अक्का. सापडली ती मूर्ती. मूर्तीला नैवेद्य दाखवतात, पण ती जेवली का हे कुणी विचारत नाही. ज्या धाकट्याचा शेंबूड पुसला त्यानंसुद्धा तसंच बघावं म्हटल्यावर माणूस काय बोलेल? आमटी गरम करू का, हेच बोलेल.

माझ्या आत्यावर मी फार पूर्वी एक छोटा लेख लिहिला होता, त्यात ‘सदा हसतमुख’ असं लिहून बसले. आत्यानं वाचून विचारलं, “त्या सबंध वर्षात माझी दाढ दुखत होती गं, तुला दिसली नाही?” मला खरंच दिसली नव्हती. लेख मात्र छापून आला होता.

तुमची गत माझ्यापेक्षा बरी आहे, कारण तुम्हाला दिसलं होतं. त्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य सांगू? ‘मी कुणाला बोललो नाही.’ आठ वर्षांचं पोर. दुपारभर पायरीवर, उपाशी. पुढे हातात पुरावा सापडतो. त्या वयाचं पोर काय करतं? भावंडांना ओरडून सांगतं, अक्का खोटं बोलली, अक्का सिनेमाला गेली! तुम्ही तिकीट होतं तिथं ठेवलंत, डबा लावलात आणि आजतागायत तोंड उघडलं नाहीत. का? त्या पोराला काहीतरी कळलं होतं. शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं होतं. मेगला अंधारात कळलं तसं. हमीदला तव्यापाशी कळलं तसं. त्या घरात निःस्वार्थीपणा एकट्या अक्काकडे नव्हता, आणि तुमच्या गोष्टीत तुम्ही तो सगळा तिच्या एकटीच्या पाठीवर लादलात.

तेव्हा गोष्ट त्या पोराला सांगू द्या. साठीच्या माणसाला बाजूला बसवा. त्याला कृतज्ञता फार वाटते आणि कृतज्ञ माणसाचं गद्य फुगतं. तिसरीतल्या मुलाला त्याग माहीत नसतो. त्याला माहीत असतं की मशीनचा आवाज कधी थांबतो, चिंध्यांच्या गादीवर झोपलं की कुठं टोचतं, पायरी दुपारी किती तापते. त्याला भूक लागलेली असते आणि अक्काचा राग आलेला असतो. तो राग येऊ द्या पानावर. कुलूप, पायरी, अस्तर नसलेली रिकामी पिशवी, डबा, तिकीट. चौदा पानं लागायची नाहीत. सात पुरतील. लग्न केलं नाही, शिक्षणं केली, हे एका वाक्यात उरकलं तरी चालेल, वाचक खुळा नसतो. आणि ‘सावली’ हे नाव बदला. सावलीला चेहरा नसतो.

हे झालं गोष्टीचं. पण लिहिण्याआधी अक्काकडे जाऊन या.

वही नेऊ नका. गोष्टीचा विषय काढू नका, माफी तर मुळीच मागू नका. माफी मागितली की तिला लगेच तुमचं सांत्वन करावं लागेल, म्हणजे पुन्हा तिलाच काम. शिलाईचं विचारा. त्या वेळी साध्या ब्लाऊजला काय घ्यायचीस, अस्तराच्या ब्लाऊजला काय, दसऱ्याला किती नग व्हायचे, पैसे बुडवणाऱ्या कोण होत्या. हाताचं काम केलेल्या माणसाला हे विचारलं की ते खुलतं, आणि पैसे बुडवणाऱ्यांवर तर तासभर बोलतं. अक्का कुणाला तरी शिव्या घालेल. घालू द्या, त्या तुमच्या गोष्टीला फार हव्या आहेत. मशीनला कुणाला हात लावू देत नाही म्हणता ना? का, ते विचारलंत कधी?

मग, जमलं तर, तिकिटाचं. तेही पकडल्यासारखं नको. मला ते सापडलं होतं आणि मी कुणाला सांगितलं नाही, एवढं सांगा आणि गप्प बसा. कदाचित ती हसेल. कदाचित म्हणेल, कसलं तिकीट, मला आठवत नाही. तसं म्हणाली तर तिथंच सोडा आणि गोष्टही तूर्त लिहू नका. ती दुपार तिची आहे. तिनं ती पन्नासहून जास्त वर्षं डब्यात जपली असेल, तर ती कुणी वाचावी की नाही हे तिनंच ठरवायचं. नाव-गाव बदलून लिहिलं तरी तुमच्या दोन्ही भावंडांना पहिल्या ओळीतच कळेल की हे कोणाचं आहे. त्यांना सांगायचं का, हेही तिलाच विचारा. तिनं हो म्हटलं तर लिहा, आणि छापायला पाठवण्याआधी तिला द्या. या वेळी ती काहीतरी बोलेल. ‘हे असं नव्हतं’ असं म्हणाली तर कान टवकारा. संपादकाच्या दहा पत्रांपेक्षा ते मोलाचं.

घाई कशाचीच नाही. दिवाळी अंकांचं साहित्य उन्हाळ्यापासूनच गोळा व्हायला लागतं. यंदाचं हुकलं तर पुढचं वर्ष आहे.

आणि सिनेमा कोणता होता ते कळलं तर मला तेवढं कळवा. गोष्टीसाठी नव्हे. परवापासून तेच डोक्यात घोळतंय.